दम्याचा पंप वापरत असाल तर स्पेसर घ्याच – झीरोस्टॅट व्हीटी

आईचा दमा जुना. पंप रोज चालू होता तरी थंडी पडली की छातीत घरघर, फोडणीचा धूर झाला की धाप, आणि वर सारखं तोंड यायचं ते वेगळंच, तिखटाचा घास जायचा नाही बिचारीला. डॉक्टरांनी औषध बदललं नाही, त्याच पंपाला स्पेसर लावायला सांगितला. सिप्लाचा झीरोस्टॅट व्हीटी आणला, आता रोजच्या वापरातला झालाय म्हणून लिहितेय.

नुसत्या पंपात कळ दाबणं आणि श्वास ओढणं एकदमच जमावं लागतं, आणि म्हाताऱ्या माणसांचं नि लहान मुलांचं तिथेच चुकतं. फवारा सुटतो पण इतका जोरात की बरंचसं औषध घशातच आदळतं, फुफ्फुसात जातं ते थोडंच. औषध स्टेरॉईडचं असेल तर ते तोंडात, घशात राहून बुरशी धरते, आईचं तोंड यायचं ते त्यामुळेच. स्पेसर म्हणजे मधे लावायचं पोकळ नळकांडं, त्यात फवाऱ्याचा जोर कमी होतो, मोठे थेंब आतच चिकटून राहतात आणि बारीक कण तेवढे श्वासाबरोबर आत जातात. याला व्हॉल्व्ह आहे हे मला सगळ्यात आवडलं, श्वास घेतला की पडदा उघडतो, सोडला की मिटतो, म्हणजे दाबायला नि ओढायला एखादा क्षण मागेपुढे झाला तरी औषध वाया जात नाही. आणि पारदर्शक असल्यामुळे आतला पांढरा धूर कमी होताना दिसतो, आईला तेवढा भरवसा पुरतो.

हा पंप 1956 मध्ये अमेरिकेत रायकर कंपनीने आणला. त्याआधी रबरी फुगा दाबून चालवायची काचेची उपकरणं होती, कंपनीच्या प्रमुखाच्या मुलीला दमा होता आणि औषध स्प्रेच्या डब्यात का नाही मिळत असं तिनेच विचारलं होतं. शोध मोठाच, पण माझ्या मते तो सर्वसामान्य माणसाच्या हातात नीट चालायला लागला तो स्पेसरमुळे. आणि ज्यांना विकत घेणं परवडत नाही त्यांच्यासाठी 1999 मध्ये केप टाऊनच्या डॉक्टरांनी दाखवून दिलं की अर्ध्या लिटरच्या प्लॅस्टिकच्या बाटलीला पंपाच्या मापाचं भोक पाडून कडेने नीट सील केलं तर दम्याचा झटका आलेल्या मुलांना विकतच्या स्पेसरइतकाच आराम पडतो. थर्माकोलचा कप मात्र सगळ्यात कमी पडला. मला हे संशोधन फार मोलाचं वाटतं.

तक्रार आहे ती विकणाऱ्यांबद्दल. आमच्या मेडिकलवाल्याने खोका दिला, पैसे घेतले, संपलं. कसा वापरायचा एक शब्द नाही. म्हणून सांगते, पंप आधी हलवायचा, एका वेळी एकच पफ, दोन पफ एकदम मारले तर औषध उलट कमी जातं. मग सावकाश खोल श्वास आणि जमेल तितका, दहा सेकंदांपर्यंत, रोखायचा, नाही जमलं तर पाच-सहा साधे श्वास त्यातूनच घ्यायचे. नंतर चूळ भरायचीच, स्पेसर आला म्हणून ती सोडायची नाही. लहान बाळांना मास्क लावावा लागतो, तो नाकातोंडावर घट्ट बसला पाहिजे, फट राहिली तर औषध बाहेरच.

धुण्याचंही तसंच. साध्या प्लॅस्टिकच्या स्पेसरमध्ये स्थिर वीज तयार होऊन औषध भिंतीला चिकटतं, हा त्या बाबतीत बरा कारण मटेरियलच तसं आहे, पण कुठलाही असला तरी कोमट साबणाच्या पाण्यातून काढून तसाच निथळत ठेवायचा, फडक्याने आतून पुसायचा नाही.

पर्समध्ये मावत नाही हे खरं, ते कुठल्याही स्पेसरचं आहे. पण आईचं तोंड येणं बंद झालंय आणि झटक्याच्या वेळी हात थरथरत असले तरी औषध आत जातं. आणल्यावर एकदा तुमच्या डॉक्टरांसमोर वापरून दाखवा, चुकत असेल तर ते लगेच सांगतील.