हॉटेलात एक मोठा स्पीकर की छतात सहा छोटे?

हॉटेल टाकताना फरशी, खुर्च्या आणि बोर्डाच्या रंगावर घरात महिनाभर खल होतो. गाण्यांचा विषय निघतो तो उद्घाटनाच्या आदल्या दिवशी. आमचंही तसंच झालं. सांगलीत विश्रामबागेच्या बाजूला 30 बाय 20 फुटांचा हॉल, बारा टेबलं, शुद्ध शाकाहारी. आदल्या संध्याकाळी मी चाकांचा, दिवे लुकलुकणारा एक ब्लूटूथ स्पीकर उचलून आणला. त्यानंतर दोन वेळा सगळं बदललं. पहिल्या दोन प्रकारांत हात पोळले, म्हणून हे लिहितोय.

चाकांच्या स्पीकरला वायर नाही, फिटिंग नाही, काउंटरशेजारी ठेवला की झालं. पण आवाज एकाच जागेवरून निघतो. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झालं की आवाज सहा डेसिबलनं उतरतो. बंद हॉलमध्ये भिंतींमुळे थोडा कमी उतरतो, पण उतरतोच. काउंटरजवळच्या टेबलावरचे काका म्हणायचे, “बारीक करा ओ जरा.” खिडकीकडच्या कोपऱ्यातून कॉलेजची पोरं, “अण्णा, मोठं करा की!” दोघांचंही बरोबर होतं. त्यात गाणी माझ्याच फोनवरून. एका रविवारी भर गर्दीत डेअरीवाल्याचा फोन आला, काउंटरवरच्या पोरानं गाणं समजून उचलला, आणि अख्ख्या हॉलनं ऐकलं: “अण्णा, कालचं दही आंबट निघालं म्हणत होता, त्याचं काय केलंसा?” त्या दिवशी दहीवडा कुणीच मागवला नाही. कुठलीही सिस्टीम घ्या, गाण्यांसाठी सिमकार्ड नसलेला जुना फोन वेगळा ठेवा.

मग घरातला स्टिरिओ अ‍ॅम्प्लिफायर आणला आणि चार कोपऱ्यांत चार बॉक्स स्पीकर ठोकले. आवाजाचा दर्जा म्हणाल तर तिन्हींत हाच सरस, तबल्याचा डगा नीट ऐकू यायचा. घोळ जोडणीत झाला. असे स्पीकर बहुधा 8 ओहमचे असतात. ओहम म्हणजे विजेला होणारा अडथळा, तो जितका कमी तितका यंत्रावर ताण जास्त. चारही एकाच चॅनेलला समांतर, म्हणजे प्रत्येकाची वायर थेट, जोडले की अ‍ॅम्प्लिफायरवर 2 ओहमचा भार येतो, आणि घरगुती यंत्र तेवढं पेलत नाही. आमचं दुपारी दोनच्या गर्दीत तापून बंद पडायचं. दोन-दोन एकामागे एक जोडून त्या जोड्या समांतर केल्या की भार पुन्हा 8 ओहम होतो, पण मग फॅमिली सेक्शनचा आवाज वेगळा कमी करता येत नाही. शिवाय स्पीकर दोन चॅनेलांत वाटले, तर स्टिरिओत डावं-उजवं वेगळं वाजतं. एका कोपऱ्यात बसलेल्याला नुसता ठेका, दुसऱ्याला नुसती बासरी. जेवणाच्या हॉलला मोनोच बरं, म्हणजे सगळ्या स्पीकरांतून एकच आवाज.

शेवटी मिरजेकडचा एक साउंडवाला बोलावला. त्यानं टाळी वाजवून पाहिली, छताकडे बघितलं आणि म्हणाला, “मालक, आवाज वाढवू नका, स्पीकर वाढवा.”

तो बोलत होता 100 व्होल्ट लाइनबद्दल. शाळा, मंगल कार्यालयं, रेल्वे स्टेशनं यांत असते तीच पद्धत. अ‍ॅम्प्लिफायर जास्त व्होल्टेजवर आवाज पाठवतो, त्यामुळे वायरमधून करंट कमी जातो, बारीक वायर चालते आणि लांब गेली तरी फारसं नुकसान होत नाही. प्रत्येक स्पीकरला छोटा ट्रान्सफॉर्मर असतो, आणि त्यावर दीड, तीन, सहा वॅट असे टॅप, म्हणजे त्या स्पीकरनं किती ताकद घ्यायची ते ठरवणाऱ्या जोडण्या. हिशेब नुसत्या बेरजेचा.

आमचं छत 10 फुटांवर, बसलेल्या माणसाचा कान साधारण 4 फुटांवर. मधे उरले 6 फूट. 90 अंशांत आवाज पसरवणारा स्पीकर तिथे 12 फूट व्यासाचा गोल भरतो. म्हणून 30 फुटांत तीन आणि 20 फुटांत दोन, एकूण सहा. प्रत्येक तीन वॅटच्या टॅपवर, म्हणजे 18 वॅट. अ‍ॅम्प्लिफायर 30-40 वॅटचा पुरतो. स्पीकरची बेरीज त्याच्या ताकदीच्या ऐंशी टक्क्यांपुढे नेऊ नये. आम्ही बाहेरच्या अंगणासाठी 60 वॅटचा घेतला. काउंटरजवळचा एक स्पीकर दीड वॅटवर ठेवलाय. काका आता तक्रार करत नाहीत.

उणीव आहेच. छोट्या छताच्या स्पीकरला बेस नसतो. आणि जागा अकरा महिन्यांच्या करारावर असेल, तर घरमालकाच्या फॉल्स सीलिंगला भोकं पाडण्याआधी विचार करा. छत नसेल किंवा कापायचं नसेल, तर ट्रान्सफॉर्मरवाले भिंतीचे स्पीकरही मिळतात. चार टेबलांच्या चहा-मिसळीच्या दुकानाला मात्र हा खटाटोप नको. तिथे दोन चांगले बॉक्स स्पीकर आणि छोटा अ‍ॅम्प्लिफायर पुरे. दहापेक्षा जास्त टेबलं असतील, तर मी डोळे झाकून 100 व्होल्ट म्हणेन.

आता परवान्याचं. महिन्याचे पैसे भरून घेतलेलं गाण्यांचं अ‍ॅप आपल्या कानापुरतं असतं. त्याच्या अटींत धंद्याच्या जागी वाजवायला मनाई असते. 1957च्या कॉपीराइट कायद्यानं ध्वनिमुद्रणाचा हक्क वेगळा आणि गीत-संगीताचा वेगळा, त्यामुळे ध्वनिमुद्रणासाठी पीपीएल आणि गीत-संगीतासाठी आयपीआरएस या संस्थांचे परवानेही वेगवेगळे. लग्नाच्या मिरवणुकीला कायद्यात सूट आहे, हॉटेलला नाही. ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रसिद्धीनंतर 60 वर्षं टिकतो, म्हणून मिरजेत राहिलेल्या अब्दुल करीम खाँसाहेबांच्या 1930च्या दशकातल्या तबकड्या त्या हक्कातून मोकळ्या झाल्यात. पण त्या जेवताना कोणी ऐकणार नाही, आणि ऐकल्याच तर जेवणार नाही. मला पटलेला मार्ग दुसरा. मिरजेच्या सतारीला भौगोलिक मानांकन आहे, वाजवणारेही जवळच आहेत. त्यांच्याकडून पारंपरिक राग रेकॉर्ड करून घ्यावेत, मानधन द्यावं, आणि हॉटेलात वाजवायची परवानगी कागदावर घ्यावी.

अंगणातले स्पीकर वेगळ्या झोनवर, म्हणजे वेगळ्या बटणावर घ्या. 2000च्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार रात्री 10 ते सकाळी 6 उघड्यावर लाउडस्पीकर चालत नाही, आणि व्यापारी भागात दिवसाची मर्यादा 65 डेसिबल, रात्रीची 55. आम्ही पावणेदहाला अंगणाचं बटण खाली करतो, आत सतार चालू राहते.

आणि सांगलीत पुराचं पाणी शिरतं अशा गावभागात किंवा मारुती चौकाकडे हॉटेल असेल, तर अ‍ॅम्प्लिफायर काउंटरखाली ठेवू नका. आमच्याकडे पुराचं पाणी येत नाही, तरी 2019चा पूर पाहिल्यापासून तो मी माळ्यावर ठेवलाय. वायरी छतातूनच जातात, त्यामुळे वर चढवायला जास्तीची वायर लागली ती फक्त आठ फूट.