सेस्ना १७० घ्यावं की १७२? खरा फरक धावपट्टीवर कळतो

अमेरिकेत किंवा कॅनडात जुनं चार आसनी विमान शोधायला निघालात की ही जोडी समोर येतेच. १७० आलं १९४८ साली, शेपटीखाली चाक असलेलं. १७२ आलं १९५६च्या सुमारास आणि सुरुवातीचं १७२ म्हणजे मुळात १७०बी, १७०चीच नंतरची आवृत्ती. तिसरं चाक शेपटीखालून काढून नाकाखाली लावलेलं. इंजिन दोन्हींत १४५ अश्वशक्तीचं कॉन्टिनेंटल, कमाल वजनही सारखंच, २,२०० पौंड. हवेत असेपर्यंत त्यामुळे निवडण्यासारखं फारसं काही नाही. चाकं टेकली की मात्र ही दोन वेगळी विमानं होतात.

१७०चा गुरुत्वमध्य मुख्य चाकांच्या मागे असतो. नाक जरा डावीकडे गेलं की मागचं वजन आपल्याच दिशेने पुढे धावतं आणि शेपूट उजवीकडे आणखी ढकललं जातं. विमानतळावरची सामानाची ट्रॉली उलटी ढकलून पाहा, तीही अशीच फिरते. दोन-तीन सेकंद रडर (शेपटीवरचं, पायाने हलवायचं सुकाणू) उशिरा पडला तर विमान गर्रकन वळतं, बाहेरच्या बाजूचं पंख जमिनीला घासतं, कधी चाकाचा पायच दुमडतो. यालाच ग्राउंड लूप म्हणतात. १७२मध्ये गुरुत्वमध्य मुख्य चाकांच्या पुढे असल्याने वाकडं टेकलेलं विमान बऱ्याच अंशी स्वतःच सरळ होतं.

बहुतेकांना वाटतं धोका टेकतानाच असतो. माझ्या मते तो त्यानंतर जास्त असतो, वेग उतरताना. रडरवरची हवा कमी होते, पण आडवा वारा शेपटीच्या उभ्या पंखाला ढकलतच राहतो. तिन्ही चाकांवर एकदम उतरलात तर वेग कमी असतो, मागचं चाकही लगेच कामाला येतं. आधी मुख्य चाकं टेकवलीत तर समोरचं नीट दिसतं, रडरही जिवंत राहतो. पण शेपूट खाली येतानाचे क्षण नाजूक, कारण रडर थकलेला आणि मागच्या चाकाला अजून पकड नाही. दोन्ही पद्धती हव्यात. वाद घालणारे घालोत, वेग जास्त असणं मात्र दोन्हींत वाईट: १० टक्के जादा वेग म्हणजे २१ टक्के जादा ऊर्जा, आणि ती कुठेतरी जिरायलाच हवी.

१७२ निर्धोक आहे असं नाही. जास्त वेगाने, नाक दाबून उतरवलं तर सगळा भार पुढच्या चाकावर येतो, मुख्य चाकं हलकी पडतात आणि तेही भरकटतं. उसळ्या मारत नाकावर आदळलं तर इंजिनमागची फायरवॉल, म्हणजे इंजिन आणि केबिन यांच्यामधली पत्र्याची भिंत, सुरकुतते. म्हणून जुनं १७२ घेताना फायरवॉल तपासा. १७० असेल तर चाकांच्या पायांचे जोड, मागच्या चाकाची पट्टी आणि पंखदुरुस्तीच्या नोंदी. कोपऱ्यातलं एखादं नवं दिसणारं पंखाचं टोक बरंच काही सांगून जातं.

कागदोपत्री फरकही आहे. अमेरिकेत शेपटीचं चाक असलेल्या विमानाचा मुख्य वैमानिक म्हणून उडायचं तर प्रशिक्षकाची वेगळी नोंद लागते (१५ एप्रिल १९९१ पूर्वी असं विमान चालवलेल्यांना सूट). विमा कंपन्याही त्या प्रकारच्या विमानावरचे तास विचारतात. आपल्याकडच्या फ्लाइंग क्लबांत पुष्पकवर शिकलेल्या जुन्या मंडळींना याचं नवल वाटणार नाही. पुष्पकचं तिसरं चाकही मागेच होतं.

महिन्यातून एखाद-दोन वेळा उडणार असाल, धावपट्टी एकच, डांबरी आणि वारा बहुधा आडवा, तर १७२ घ्या. गवती किंवा खडबडीत पट्टी जवळ असेल आणि दर आठवड्याला पाय रडरवर राहणार असतील तर १७०. गवतावर टायर थोडे घसरतात, वाकडं टेकणं काहीसं खपतं, आणि खड्ड्यात अडकायला नाकाखाली चाकच नसतं. करार करण्याआधी विम्याचा आकडा दोन्हींसाठी मागवा.