कॅम्पिंग ट्रेलर घेताय? पैसे देण्याआधी काट्यावर घाला

पिंपरी-चिंचवडच्या औद्योगिक पट्ट्यातल्या एका फॅब्रिकेटरकडून आम्ही कॅम्पिंग ट्रेलर घेतला. दोन बेड, छोटा ओटा, पाण्याची टाकी, बाजूला ओढून घ्यायची ताडपत्री. मुलांना घेऊन पवनेच्या काठावर, कधी भंडारदऱ्याला जायचं, असा बेत. गाडी आमची डिझेल सात सीटर. विकणाऱ्याचं नाव लिहीत नाही, कारण प्रकरण ग्राहक आयोगात आहे. पण त्याची विकायची पद्धत सांगतो, म्हणजे दुसऱ्या कुणाच्या शेडमध्ये तीच दिसली तर ओळखता येईल.

पत्रकावर वजन छापलेलं होतं 550 किलो. "सर, तुमची गाडी दीड टन आरामात खेचते, हा तर निम्माही नाही." मग आमच्याच गाडीला जोडून शेडबाहेरच्या सपाट रस्त्यावर फेरी मारून दाखवली. मागे काही आहे हे गाडीला कळलंही नाही. कळणारच नाही! मार्केट यार्डातला हमालसुद्धा भरलेली हातगाडी सपाटीवर एकटा नेतो. खरा प्रश्न ती उतारावर थांबवायचा असतो, आणि डेमोसाठी उतारावर कुणी नेत नाही.

आम्हाला तो उतार साताऱ्याहून परतताना भेटला. कात्रजचा नवा बोगदा सोडल्यावर नवले पुलापर्यंत रस्ता कसा उतरतो, ते पुणेकरांना सांगायला नको. तिथे एक ट्रक शेजारून गेला आणि त्याच्या वाऱ्याने ट्रेलर डावी-उजवीकडे झोल खायला लागला. ब्रेकवर पाय ठेवला की तो मागून ढकलत होता. अशा वेळी जोरात ब्रेक मारायचा नाही आणि स्टीअरिंग उलटसुलट फिरवायचं नाही. ॲक्सिलरेटर सोडून स्टीअरिंग सरळ धरायचं. तसं केलं, म्हणून वाचलो. सासूबाई घरी पोचेपर्यंत एक शब्द बोलल्या नाहीत.

माझ्या मेहुण्याचा चाकणला ट्रान्सपोर्टचा धंदा आहे. तो म्हणाला, "दाजी, आधी काट्यावर घाला, मग बोलू." पाणी, बॅटरी, सिलिंडर, भांडी, अंथरुणं, सगळं नेहमीसारखं भरून वजनकाट्यावर नेला. 920 किलो. विकणाऱ्याला फोन केला तर म्हणाला, "सर, साडेपाचशे म्हणजे नुसत्या सांगाड्याचं." पत्रकात सांगाडा हा शब्द कुठेच नाही.

दुसरी थाप मला जास्त लागली, कारण ती फार हुशारीने मारली होती. शेडमध्ये त्याने ट्रेलरचं तोंड, म्हणजे गाडीच्या हूकला जोडायचं पुढचं टोक, एका हाताने उचलून दाखवलं होतं. "बघा, हूकवर वजनच येत नाही. गाडीच्या मागच्या भागाला त्रास नाही." ऐकायला छान वाटतं. प्रत्यक्षात एका एक्सलच्या ट्रेलरचा झोल आवरायचा असेल, तर भरलेल्या वजनाचा साधारण दहावा हिस्सा तरी हूकवर यावा लागतो. म्हणजे आमच्या बाबतीत नव्वदेक किलो. फळी टाकून बाथरूमचा वजनकाटा तोंडाखाली ठेवला, तर भरले 25. टाकी आणि बॅटरी मुद्दाम एक्सलच्या मागे बसवलेली, की तोंड हलकं लागावं.

मुद्दाम का म्हणतो, त्याचा हिशेब बघा. आमच्या गाडीचं रिकामं वजन 1,250 आणि पूर्ण भरून मान्य वजन 1,800 किलो. मधले 550 किलो आमचे. सहा माणसं 390, सामान 50, हूकचं लोखंड 25, आणि त्यावर नव्वद-पंच्याण्णव तोंडाचं. बेरीज मर्यादेबाहेर जाते. हूकवरचं वजन ट्रेलरचं नसतं, ते गाडीच्या खात्यात धरतात. म्हणजे सुरक्षित होईल असा ट्रेलर आमच्या गाडीला जमत नव्हता, आणि जमतोय असं दाखवायचं तर तो झोल खाणाराच हवा होता. गाडीच्या मॅन्युअलमध्ये तर ट्रेलर ओढू नये असंच लिहिलंय. त्यावर त्याचं ठरलेलं उत्तर होतं, "कंपन्या वॉरंटीसाठी लिहितात हो सर."

ब्रेकचं तर विचारूच नका. 'ऑटो ब्रेक'चे वेगळे पैसे घेतले होते. गाडीने ब्रेक मारला की ट्रेलर पुढे सरकतो, त्या दाबाने दांडा आत जातो, केबल ओढली जाते आणि ट्रेलरची चाकं धरतात, अशी ती रचना. युरोपात 750 किलोंच्या वरच्या ट्रेलरला स्वतःचे ब्रेक सक्तीचे आहेत. मेहुणा खाली शिरला. दांडा होता, केबलही होती. चाकांना ब्रेकचे ड्रमच नव्हते. केबल चेसिसला बांधून ठेवली होती.

गाडीच्या हूकचा जो गोळा असतो, ज्यावर ट्रेलरची वाटी बसते, त्यावर दोन टन कोरलेलं. तो आकडा फक्त गोळ्याचा. ज्या ब्रॅकेटवर तो बसलाय ते मागच्या बंपरच्या पत्र्याला चार बोल्टनी अडकवलेलं, चेसिसला नाही. शिवाय गोळा 50 मिलिमीटरचा आणि वरची वाटी दोन इंची, म्हणजे 50.8 ची. फरक डोळ्याला दिसत नाही, खडखड मात्र ऐकू येते.

कागदांत तर कमालच. "इंजिन नाही, म्हणून पासिंग लागत नाही," असं तो छातीठोक सांगत होता. मोटार वाहन कायदा, 1988 च्या व्याख्येतच ट्रेलर हे मोटार वाहन आहे, आणि उसाच्या ट्रॉलीलाही नंबर असतो. विक्रेत्याकडून फॉर्म 21 (विक्रीचा दाखला) आणि फॉर्म 22 (वाहन रस्त्यावर चालवण्यालायक असल्याचा दाखला) मागा. तिथेच बोलणं बदलतं. आम्हाला 'एआरएआयचं', म्हणजे वाहनं तपासून प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थेचं, 'सर्टिफिकेट' म्हणून जो कागद दिला, तो मागच्या दिव्यांचा निघाला. पौड रोडवर ज्यांचं ऑफिस आहे, त्यांचं नाव पुण्यातच असं वापरायचं म्हणजे धाडस आहे. आणि बिलावर लिहिलंय 'लोखंडी फ्रेम व फर्निचर'. उद्या अपघात झाला असता, तर विमा कंपनीला दाखवायला आमच्याकडे फर्निचर होतं.

तक्रार ऑनलाइन करता येते. व्यवहार 5 लाखांपर्यंतचा असेल तर फी नाही, मुदत 2 वर्षांची. त्याआधी 1915 या ग्राहक हेल्पलाइनवर फोन करून बघितला, पण विक्रेत्याने दाद दिली नाही. आयोगात त्याची पत्रकं, व्हॉट्सॲपवरचे मेसेज आणि काट्याची पावती जोडली आहे. पावतीवर तारीख, वेळ आणि ट्रेलरचं वर्णन नीट लिहून घ्या; आमच्या पहिल्या पावतीवर नुसतं 'गाडी' होतं, म्हणून पुन्हा जावं लागलं.

नोटीस गेल्यावर त्याने तडजोड सुचवली, ती अशी की टाकी आणि बॅटरी फुकट काढून देतो. पैसे परत करायचं नाव नाही. आम्ही नाही म्हटलंय. ट्रेलर सध्या मेहुण्याच्या यार्डात उभा आहे, आणि आयोगाने नेमलेला माणूस तपासून जाईपर्यंत त्याच्या एका बोल्टलाही हात लावायचा नाही, असं वकिलांनी सांगितलंय.