घड्याळ सोडून बाकी ठीक: बुद्धिबळाच्या पेड अ‍ॅपसोबत आठ महिने

ऑक्टोबरात एका सकाळी खात्यातून ८९९ रुपये गेल्याचा मेसेज आला आणि हातातला चहा तसाच राहिला. सहा महिन्यांचा प्लॅन, मुदत संपली की आपोआप पुढे चालू. एप्रिलमध्ये घेताना खालची बारीक अक्षरातली खूण काढायची मी विसरले होते. नोकरी सहकारी बँकेत, काउंटरवर रोज दहा जणांना सांगते, "काका, ऑटोपे एकदा तपासून घ्या." असो. पैसे गेलेच आहेत तर निदान दुसऱ्यांचे वाचावेत म्हणून हे लिहितेय. अ‍ॅपचं नाव देत नाही, तक्रार अजून चालू आहे. फीचर्सची यादीही देत नाही, असली सगळी अ‍ॅप्स जाहिरातीत सारखंच सांगतात: थेट डाव, आवडत्या खेळाडूंचा माग, सूचना, इंजिनाची पट्टी (कोण वरचढ आहे हे संगणकाच्या हिशेबाने दाखवणारी).

घेतलं ते बाबांसाठी. एप्रिल २०२५ मध्ये महिलांची ग्रां प्री ही मोठी बुद्धिबळ स्पर्धा पुण्यातच होती, आणि गुडघ्यांमुळे बाबांना तिथे जाऊन बसणं शक्य नव्हतं. बाबा ऑफिसच्या संघातून वीसेक वर्षं खेळले. खाडिलकर भगिनींच्या डावांची कात्रणं अजून कपाटात आहेत. त्यांच्या काळात लाकडी जुळं घड्याळ असायचं, वेळ संपत आली की काटा लाल झेंडी उचलायचा आणि ती पडली की डाव गेला. त्यामुळे पटाकडे बघायच्या आधी त्यांचा प्रश्न ठरलेला: "वेळ किती उरलाय?"

या एका प्रश्नाला हे अ‍ॅप आठ महिन्यांत एकदाही धड उत्तर देऊ शकलेलं नाही. पुढची सगळी रड त्याचीच आहे, कंटाळा येणार असेल तर इथेच थांबा.

पुण्यात दहा जणी, नऊ फेऱ्या, सगळ्यांनी सगळ्यांशी खेळायचं. साधा तक्ता, तो अ‍ॅपने नीट दाखवला. आपली कोनेरू हंपी आणि चीनची चू जिनर दोघींचे ७ गुण, टायब्रेकवर (म्हणजे बरोबरी फोडायच्या निकषांवर) हंपी पहिली, दिव्या देशमुख साडेपाच गुणांवर तिसरी. सूचना वेळेवर येत होत्या. मी खूश होते, मैत्रिणीलाही घ्यायला सांगितलं. (तिने घेतलं नाही. शहाणी आहे.)

फक्त चाळिसाव्या चालीपाशी काहीतरी गडबड व्हायची. क्लासिकल, म्हणजे लांब वेळेच्या डावात पहिल्या ४० चालींना ९० मिनिटं, नंतर ३० मिनिटं जादा, आणि पहिल्या चालीपासून दर चालीला ३० सेकंद. अ‍ॅपला ती जादा ३० मिनिटं माहीतच नव्हती. घड्याळ एक मिनिटावर यायचं, मग शून्य, मग चक्क उणे. मला वाटायचं, आता कुणीतरी वेळेवर हरणार. बाबा खुर्चीत मागे रेलून म्हणायचे, "अगं, अर्धा तास जमा झाला असेल तिच्या खात्यात. तुझ्या यंत्राने पासबुक भरलेलं नाही."

जुलैत बातुमी आलं आणि हे हसण्यावारी नेण्यासारखं राहिलं नाही. जॉर्जियातला महिला विश्वचषक, १०७ खेळाडू, बाद पद्धत. दोन क्लासिकल डाव, बरोबरी झाली तर दुसऱ्या दिवशी टायब्रेक, इथे म्हणजे बरोबरी फोडणारे झटपट डाव. आणि टायब्रेकमध्ये वेळ आक्रसत जाते: आधी १५ मिनिटं अधिक १० सेकंदांचे दोन डाव, मग १० अधिक १०, मग ५ अधिक ३. घड्याळ हेच खरं रणांगण.

आपल्याकडे डाव दुपारी साडेचारला लागायचे. मी घरी पोचेपर्यंत बाबांच्या वहीत वीस-पंचवीस चाली उतरलेल्या असायच्या, त्याही वर्णनाने, "घोडा उंटासमोर" अशा, अंकांत नाही. उपांत्यपूर्व फेरीत चार भारतीय: हंपी, हरिका, वैशाली, दिव्या. दिव्याला पंधरावं मानांकन, पण चौथ्या फेरीत तिने दुसऱ्या मानांकनाच्या चू जिनरला टायब्रेकमध्ये काढलं, मग हरिकालाही टायब्रेकमध्येच. उपांत्य फेरीत तान चोंगयीबरोबरचा १०१ चालींचा डाव आम्ही भाकरी तव्यावर आणि फोन ओट्यावर असा पाहिला. हे सगळं अ‍ॅपने दाखवलं, तेवढं मान्य. फक्त 'खेळाडूचा माग' या पानावर बाद पद्धतीचा तक्ताच नव्हता, नुसती गुणांची बेरीज. दिव्या कुठल्या फेरीत आहे हे कळायला बेरीज-वजाबाकी करावी लागायची.

कहर झाला तो दुसऱ्या उपांत्य सामन्यात, हंपी आणि चीनची लेई तिंगजी यांच्या टायब्रेकला. दोन्ही क्लासिकल बरोबरीत, पंधरा मिनिटांचे दोन्ही बरोबरीत. दहाच्या डावांत पहिला लेईने घेतला, दुसरा हंपीने. मग पाच मिनिटांचे डाव. अ‍ॅपचं गणित मात्र अजून पंधरापासून चालू! पाच मिनिटांच्या डावात लेईपुढे ११ मिनिटं शिल्लक. बाबांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला. "पाचाचे अकरा कसे झाले? व्याज लागलं का?" हंपीने ते दोन्ही डाव जिंकून ५-३ ने अंतिम फेरी गाठली. आम्हाला मात्र शेवटपर्यंत कळलं नाही, की घाई कुणाला होती.

भाच्याला फोन केला, तो संगणकातला. त्याने बघून सांगितलं, की पटाशेजारच्या खऱ्या घड्याळातली वेळ हे अ‍ॅप घेतच नसावं. चाल येऊन पोचली की त्यावरून स्वतःच हिशेब मांडत असणार. म्हणजे आमचं वायफाय दोन मिनिटं गेलं, की ती दोन मिनिटं हंपीच्या खात्यातून वजा.

इथे एक तक्रार मागे घ्यायची आहे. चाली उशिरा दिसतात म्हणून मी मे महिन्यात एक तारा दिला होता. नंतर कळलं, की मोठ्या स्पर्धांत कुणी बाहेरून मदत पुरवू नये म्हणून आयोजकच कित्येकदा प्रक्षेपण मुद्दाम काही मिनिटं मागे ठेवतात. तो तारा चुकीचा होता, बदलला.

अंतिम सामन्याच्या पहिल्या डावातही मी अशीच फसले. चाली आल्या, आल्या आणि एकदम दोन्ही राजे पटाच्या मध्यावर उडी मारून समोरासमोर! इंजिनाची पट्टी धाडकन खाली. मी तक्रार लिहायला घेतली. बाबा म्हणाले, "थांब. डाव संपला, बरोबरी." इलेक्ट्रॉनिक पटावर डाव संपल्यावर निकाल कळवण्यासाठी राजे मध्यभागी ठेवतात. दोघे पांढऱ्या घरांत ठेवले तर पांढरा जिंकला, दोघे काळ्या घरांत तर काळा, आणि एक पांढऱ्यात एक काळ्यात असेल तर बरोबरी. पट बिचारा इमानदार, उचललेली प्रत्येक सोंगटी कळवतो. अ‍ॅपने ती चाल म्हणून छापली. बाबा इलेक्ट्रॉनिक पटाला कधी हात न लावलेला माणूस, त्यांना हे कुठून ठाऊक? "टीव्हीवर हात बघतो मी, तू पट्टी बघतेस." तेव्हापासून ती पट्टी बंद ठेवली आहे, आणि डाव बघायला मजा येते.

२८ जुलै. एकोणीस वर्षांची दिव्या, अडतीसची हंपी, दोन्ही क्लासिकल बरोबरीत, पहिला जलद डावही बरोबरीत. दुसऱ्यात दिव्याकडे काळी मोहरी. आमच्या फोनवर हंपीचं घड्याळ ४:५२ वर थिजलेलं. मी म्हणतेय, भरपूर वेळ आहे, निवांत खेळतेय ती. बाबा टीव्हीजवळ सरकले, फिडेच्या (जागतिक बुद्धिबळ महासंघाच्या) यूट्यूबवर हंपीचा चेहरा बघत, आणि म्हणाले, "वेळ नाहीये तिच्याकडे." बरोबर होतं, वेळेच्या चणचणीतच तिचा डाव सुटला. दिव्या जिंकली, एकही ग्रँडमास्टर नॉर्म (त्या किताबासाठी स्पर्धांत पुरे करायचे टप्पे) नसताना थेट ग्रँडमास्टर झाली, भारताची ८८वी. नागपूरची मुलगी म्हणून शेजारच्या काकूंनी पेढे आणले, बुद्धिबळातलं ओ की ठो कळत नसताना. आणि पैसे भरून घेतलेलं अ‍ॅप अजून ४:५२ दाखवत होतं. डाव संपून दहा मिनिटं झाली तरी.

त्याच रात्री तक्रार केली. उत्तर: अ‍ॅप काढून पुन्हा टाका. टाकलं. मग: फोनची तारीख-वेळ 'ऑटोमॅटिक' ठेवा. होतीच. मग: स्क्रीनशॉट पाठवा. सात पाठवले, ५ अधिक ३ चा डाव आणि शेजारी ११ मिनिटं, लाल वर्तुळ काढून. उत्तर: तुमच्या अभिप्रायाबद्दल आभारी आहोत.

सप्टेंबरात समरकंदच्या ग्रँड स्विसला आमची पुन्हा दिलजमाई झाली होती, हे खोटं नाही. अकरा फेऱ्यांच्या स्विस स्पर्धेत, जिथे दर फेरीला साधारण सारख्या गुणांचे खेळाडू एकमेकांसमोर येतात, पुढच्या फेरीत कोण कुणाशी हे शोधणं म्हणजे डोकेदुखी, आणि तिथे 'खेळाडूचा माग' खरंच कामाला आला. रात्री जेवताना सूचना यायची: वैशाली, उद्या पांढरी की काळी, समोर कोण. आठ गुणांवर रशियाच्या लाग्नोशी बरोबरी आणि टायब्रेकवर वैशाली पहिली, हा सगळा प्रवास एकही दिवस न चुकता कळला. दिव्या महिलांच्या यादीत दिसेना म्हणून मी तावातावाने तक्रार ठोकली, तर ती खुल्या गटात खेळत होती! अ‍ॅप बरोबर, मी चूक. माफीही लिहिली. तिलाही उत्तर आलं: अभिप्रायाबद्दल आभारी आहोत.

मग ऑक्टोबर, ८९९ रुपये. परतावा मिळणार नाही, धोरणात बसत नाही, त्याऐवजी एक महिना वाढवून देतो म्हणाले. बंद घड्याळाचा आणखी एक महिना.

घ्यावं का? बहुतेकांनी घेऊ नये. लिचेस या बुद्धिबळाच्या वेबसाइटवर मोठ्या स्पर्धांचे डाव फुकट दिसतात, फिडेचं यूट्यूबही फुकट आहे, आणि तिथे कॅमेऱ्यात घड्याळ दिसतं. वहीला वीस रुपये. स्विस स्पर्धांत एखाद-दोघींच्याच मागावर असाल आणि सूचना हव्याच असतील, तर एका महिन्यापुरतं घ्या. नुसतं अ‍ॅप काढून पैसे कापायचे थांबत नाहीत, यूपीआयमध्ये जाऊन मँडेट (आपोआप पैसे कापायची दिलेली परवानगी) रद्द करा. दोन तारे, दोन्ही समरकंदचे.

ताजा कलम: हे लिहून ठेवलं आणि परवा मेल आला, "तुमची समस्या सोडवण्यात आली आहे." अपडेट टाकून डाव उघडला. बाबांनी सवयीने विचारलं, वेळ किती उरलाय. पटाशेजारचं घड्याळच काढून टाकलंय.