बॅडमिंटन, बर्ली की जवळचं वन डे? हॉर्स ट्रायल्स पहिल्यांदा बघायला कुठे जायचं

इंग्लंडात येऊन सात वर्षं झाली तरी घोडा म्हटलं की मला माथेरानच आठवायचं, फार तर महालक्ष्मीचं रेसकोर्स. मग ऑफिसातल्या एका मैत्रिणीने हॉर्स ट्रायल्स, म्हणजे घोडेस्वारीची तीन परीक्षांची स्पर्धा, बघायला ओढत नेलं आणि तेव्हापासून दरवर्षी कुठे ना कुठे जाणं होतंच, त्यामुळे ओळखीतलं कुणी विचारलं की बॅडमिंटनला जाऊ का बर्लीला (ह्या खेळाच्या इथल्या दोन मोठ्या स्पर्धा, जागेच्या नावानेच ओळखतात), तर मी आधी उलट विचारतो, गाडी आहे का, बरोबर कोण येणारे, आणि चालायची तयारी किती. घोडे दोन्हीकडे तितकेच भारी असतात हो, दिवस चांगला जाणार का वैताग होणार ते ह्या तीन उत्तरांवर ठरतं.

ज्यांना काहीच माहीत नाही त्यांच्यासाठी दोन ओळीत. एकच घोडा आणि एकच स्वार तीन परीक्षा देतात, आधी ड्रेसाज म्हणजे चौकटीत शिस्तीत चालणं, दुडकी, वळणं वगैरे, मग क्रॉस-कंट्री म्हणजे माळावरून, पाण्यातून, खंदकांवरून सहा-साडेसहा किलोमीटर भरधाव, आणि शेवटी शो जंपिंग. गुण सगळे दंडाचे, ज्याचे कमी तो जिंकला. ड्रेसाजला ७० टक्के मिळाले तर ३० दंड घेऊन पुढे, क्रॉस-कंट्रीत घोडा अडथळ्यापाशी अडला की २०, वेळेपेक्षा उशीर झाला तर सेकंदाला ०.४, शो जंपिंगला दांडी पाडली की ४. एवढं कळलं तरी दिवसभर पुरतं.

आता बॅडमिंटन. मे महिन्याच्या सुरुवातीला, ग्लॉस्टरशरमधे ड्यूक ऑफ बोफर्टच्या इस्टेटीवर. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमधे ड्यूकनी हा खेळ बघितला, ब्रिटिश स्वारांना सराव पाहिजे म्हणून १९४९ ला घरच्या अंगणातच स्पर्धा भरवली, आणि अंगण म्हणजे केवढं ते तिथे गेल्यावर कळतं. शटलकॉकच्या खेळाला नाव ड्यूकच्या ह्याच घरावरून, बॅडमिंटन हाऊसवरून पडलं, आणि तोच खेळ साहेब लोक पुण्याच्या छावणीत खेळायचे तेव्हा त्याला 'पूना' म्हणायचे, हे पुण्याच्या पाहुण्यांना सांगितलं की ते उगाच जरा ताठ होऊन चालायला लागतात. जमीन बरीचशी सपाट, त्यामुळे चालायला बरं, आणि तो प्रसिद्ध तलाव, द लेक, तिथे घोडे पाण्यात उड्या घेतात आणि मागे तो महाल, फोटोत दिसतं अगदी तस्संच दिसतं.

अडचण दोन गोष्टींची. एक, गाडीशिवाय जाणं कटकटीचं आहे, स्टेशन म्हणजे चिपनम नाहीतर ब्रिस्टल पार्कवे, तिथून पुढे टॅक्सीचं बघावं लागतं. गाडी असेल तर एम४ मोटरवेचं जंक्शन १८ आणि मग रांग. क्रॉस-कंट्रीच्या सकाळी त्या रांगेत मी एकदा दीड तास काढलाय, पहिले घोडे पळून गेले तेव्हा आम्ही गाडीत बसून थेपले खात होतो. दुसरं म्हणजे मे महिन्याचा चिखल. २०१२ ला पावसाने मैदान इतकं भरलं की स्पर्धाच रद्द केली, २०२३ ला चिखलामुळे क्रॉस-कंट्रीचा कोर्स छोटा करावा लागला. मे म्हणजे उन्हाळा हे आपलं गणित इथे विसरायचं.

बर्ली सप्टेंबरच्या सुरुवातीला, लिंकनशरमधल्या स्टॅमफर्ड गावाला लागून. १९६१ पासून चालू आहे, जागा दिली मार्क्वेस ऑफ एक्सेटरनी, हा गृहस्थ स्वतः १९२८ च्या ऑलिंपिकचा ४०० मीटर हर्डल्सचा सुवर्णविजेता, म्हणजे अडथळे ओलांडायचा नाद जुनाच. गाडी नसलेल्यांसाठी माझं मत सरळ आहे, बर्लीच. लंडनच्या किंग्ज क्रॉसवरून पीटरबरो, तिथे ट्रेन बदलून स्टॅमफर्ड, आणि स्टेशनातून रमतगमत अर्ध्या तासाच्या आत पायी मैदानात. वाटेत गाव इतकं देखणं, सगळं पिवळसर दगडाचं, की ज्याला घोड्यात काडीचा रस नाही तोही खूश. बर्ली हाऊस एरवी बघायला उघडं असतं, पण स्पर्धेच्या दिवसांत बंद, ते बघायचं तर वेगळी फेरी.

पण बर्लीला चढ-उतार आहेत, आणि ते कागदावर दिसत नाहीत. घोड्यांचा दम काढणारा कोर्स म्हणून तो ओळखला जातो आणि बघणाऱ्याचाही काढतो. गुडघ्यांचा त्रास असलेल्या कुणाला शनिवारी, म्हणजे क्रॉस-कंट्रीच्या दिवशी, नेऊ नका, किंवा नेलंच तर ट्राउट हॅचरी नावाच्या पाण्याच्या अडथळ्यापाशी फोल्डिंग खुर्ची टाकून तिथेच ठाण मांडा. कॉट्समोर लीप नावाचा खंदक मात्र स्वतः काठावर जाऊन बघाच. घोडे यायच्या आधी त्याच्या काठाशी उभं राहिलं की पोटात गोळा येतो, आणि मग लक्षात येतं की घोड्याला तर हे आधी दाखवतही नाहीत, स्वार चालून बघतो, घोडा थेट त्या क्षणी बघतो.

कुठला दिवस, हा प्रश्न जागेपेक्षा मोठा आहे असं मला वाटतं. दोन्हीकडे साधारण गुरुवार-शुक्रवार ड्रेसाज, शनिवारी क्रॉस-कंट्री, रविवारी शो जंपिंग. पहिल्यांदा आणि एकटे किंवा मित्रांबरोबर जाताय तर शनिवार, दुसरा विचार नको. घोडे काही काही मिनिटांच्या अंतराने सुटतात, त्यामुळे एका जागी पाच-सहा बघायचे आणि पुढच्या अडथळ्याकडे चालायला लागायचं. मार्शलची शिट्टी वाजते, लोक दोराच्या मागे सरकतात, आणि घोडा दिसायच्या आधी पायाखालची जमीन थरथरते. मग तो येतो, पुढच्या पायांना पांढरं ग्रीस फासलेलं, म्हणजे लाकडाला पाय घासला तरी घसरून जावा, नाकपुड्या फुललेल्या, श्वास भात्यासारखा, स्वार काहीतरी पुटपुटतोय, मनगटावरचं घड्याळ बीप करतंय, आणि दोन सेकंदात सगळं संपून फक्त उडालेली मातीची ढेकळं. टीव्हीवर ह्यातलं काहीही कळत नाही.

शनिवारची दुसरी बाजूपण सांगतो. पडापडी होते. कधी कोर्स मधेच थांबवतात, पडलेल्याभोवती हिरवे पडदे लावतात, आणि सगळं मैदान गप्प होतं. लहान मुलं बरोबर असतील तर हे डोक्यात ठेवून जा.

आई-बाबा आले असतील तर मी रविवार म्हणेन. एका ठिकाणी खुर्चीवर बसायचं, उलट क्रमाने घोडे येतात, पहिल्या नंबरवाला सगळ्यात शेवटी, आणि बऱ्याचदा एक दांडी पडली की निकाल फिरतो, म्हणजे क्रिकेटच्या शेवटच्या ओव्हरसारखं, नियम समजवावे लागत नाहीत. माझ्या बाबांना एशियाड म्हटलं की एसटीची बस आठवते, त्यांना सांगितलं की त्याच १९८२ च्या दिल्ली एशियाडमधे रघुबीर सिंगनी ह्याच खेळात सुवर्ण आणलं होतं, आणि टोकियो ऑलिंपिकला आपला फवाद मिर्झा २३ वा आला, तर पुढचे दोन तास ते प्रत्येक घोड्याला सल्ले देत होते. शुक्रवारचं तिकीट स्वस्त पडतं, गर्दी कमी, क्रॉस-कंट्रीचा कोर्स स्वतः चालून बघता येतो, आणि दुकानं तीच. पण नुसतं ड्रेसाज नवख्याला कंटाळवाणं होतं हे मी प्रामाणिकपणे सांगतो, पहिले तीन घोडे छान वाटतात, चौथ्यापासून माणूस चहाचा स्टॉल शोधायला लागतो.

आणि तिसरा पर्याय, जो कुणी विचारत नाही पण लहान मुलंवाल्यांना मी आधी तोच सांगतो, जवळपासचं वन डे इव्हेंट. मार्च ते ऑक्टोबर दर वीकेंडला कुठल्या ना कुठल्या शेतावर असतं, तिन्ही परीक्षा एकाच दिवसात, अडथळे छोटे, स्वार म्हणजे शाळकरी मुली, नोकरी करणाऱ्या बायका आणि मधेच एखादा ऑलिंपिकवाला जो नवीन घोड्याला शिकवायला आणतो. बऱ्याच ठिकाणी प्रवेश फुकट किंवा नुसते गाडीचे थोडे पैसे. दोर कमी, घोडे जवळ, लॉरीपाशी घोड्याला पाणी मारताना मुलांना बघता येतं. पण भव्यता शून्य, एक बर्गर व्हॅन आणि दोन मोबाईल टॉयलेट. कुणी इथे पहिल्यांदा गेलं आणि म्हणालं 'एवढंच?', तर त्याला दोष देणार नाही.

तर माझ्यापुरतं, गाडी नाही किंवा एकच संधी आहे तर बर्लीचा शनिवार. एम४ च्या आसपास राहता आणि चिखल चालतो तर बॅडमिंटन. पाच वर्षांचं पोर बरोबर असेल तर दोन्ही नकोत, वन डे. तिकीट आणि पार्किंग आधीच ऑनलाइन काढून ठेवा. खायला घरचं न्या, दशमी-चटणी, थर्मासमधे चहा, तिथे शाकाहारी माणसाच्या नशिबी बहुतेक चिप्सच येतात आणि त्यापण महाग. गमबूट न्याच, कॅनव्हासचे शूज घालून मी एकदा गेलो होतो, परत आणले नाहीत.

आणि गाडी लावली की फोनमधे पिन टाकून ठेवा. पार्किंग म्हणजे शेतंच्या शेतं असतात, सकाळी सगळं लक्षात असतं, संध्याकाळी हजारो गाड्या सारख्याच दिसतात. आम्ही पाऊण तास चिखलात फिरलो, शेवटी बायकोला मागच्या काचेवरचा गणपतीचा स्टिकर दिसला.