रेस्टिक आणि सिस्टमडी टायमर: ग्रंथालयाच्या सर्व्हरवर काही महिने वापरल्यानंतर

इंदूरच्या आमच्या मराठी ग्रंथालयाच्या सर्व्हरचा बॅकअप गेल्या दिवाळीपासून रेस्टिक हे कमांडने चालणारं बॅकअपचं सॉफ्टवेअर घेतं. सर्व्हरवर दोन गोष्टी आहेत: पोस्टग्रेस या डेटाबेसमधला पुस्तकांचा कॅटलॉग आणि जुन्या मासिकांचे, स्मरणिकांचे स्कॅन. यातल्या कित्येक अंकांचा कागद हात लावला तरी तुटतो, त्यामुळे स्कॅन गेला तर अंकच गेला. निवड करताना माझी पहिली अट होती ती परत मिळवण्याची. रोज ठरल्या वेळी प्रत निघणं ही त्यानंतरची गोष्ट.

रेस्टिकला स्वतःचं वेळापत्रक नाही. ते लिनक्सवर ठरल्या वेळी कामं चालवणाऱ्या क्रॉन किंवा सिस्टमडी टायमरकडे द्यावं लागतं. मी टायमर घेतला तो ‘पर्सिस्टंट=ट्रू’ या एका ओळीसाठी. रात्री ठरल्या वेळी मशीन बंद असेल तर क्रॉन ती पाळी सोडून देतो. टायमर मशीन सुरू होताच राहिलेलं काम उरकतो. रंगपंचमीला गेर, म्हणजे रंगांची मिरवणूक, निघते तेव्हा राजवाड्याकडे फिरकणंही अवघड असतं. अशा दिवशी वीज येऊन-जाऊन असली तरी कोणी सर्व्हरपाशी जाऊन बसावं लागत नाही.

वीज बॅकअपच्या मध्येच गेली तर मात्र रेपॉझिटरीत, म्हणजे प्रती साठवण्याच्या जागेत, ‘काम चालू आहे’ असं सांगणारं एक बेवारस कुलूप उरतं. पुढचे बॅकअप होत राहतात, पण जुन्या प्रतींची सफाई अडते. ‘रेस्टिक अनलॉक’ फक्त अशी बेवारस कुलपंच काढतं, म्हणून ते स्क्रिप्टच्या सुरुवातीलाच घालून ठेवलं आहे.

सगळ्यात जास्त वेळ गेला डेटाबेसवर, आणि तो जायलाच हवा होता. चालू पोस्टग्रेसचं फोल्डर नुसतं उचलून ठेवलं तर त्यातल्या फाइल्स एकमेकींशी जुळतीलच याची खात्री नसते. म्हणून पीजी-डंप, म्हणजे डेटाबेसची जुळलेली प्रत (डंप) काढून देणारी पोस्टग्रेसची कमांड. डंप जीझिपने दाबून (कॉम्प्रेस करून) देऊ नका. रेस्टिक फाइलचे मजकुरानुसार साधारण एक-एक एमबीचे तुकडे पाडतं आणि आधीपासून असलेला तुकडा पुन्हा साठवत नाही. दाबलेल्या फाइलमध्ये सुरुवातीला एक नोंद बदलली की पुढचे सगळे बाइट बदलतात आणि रोज जवळपास अख्खा डंप नव्याने साठतो. डंप उघडाच द्यावा, आवृत्ती 0.14 पासून रेस्टिक स्वतः कॉम्प्रेशन करतं.

दुसरा धोका पाइपचा, म्हणजे डंप थेट रेस्टिककडे सोडणाऱ्या जोडणीचा. डंप अर्ध्यात मेला तर रेस्टिकला वाटतं की मजकूर संपला, आणि ते अर्धा डंप नीटनेटक्या स्नॅपशॉटसारखा (त्या वेळच्या पूर्ण प्रतीसारखा) ठेवून देतं. 0.17 मध्ये आलेल्या ‘एसटीडीआयएन-फ्रॉम-कमांड’ या पर्यायाने रेस्टिक डंपची कमांड स्वतःच चालवतं आणि हे थांबतं: आतली कमांड फसली तर स्नॅपशॉटच होत नाही.

गप्पपणे फसणाऱ्या बॅकअपची मला खरी धास्ती आहे. 31 जानेवारी 2017 ला गिटलॅब या प्रोग्रामरांचा कोड साठवणाऱ्या सेवेचा मुख्य डेटाबेस चुकून पुसला गेला, तेव्हा कळलं की आवृत्ती न जुळल्यामुळे त्यांचा पीजी-डंप आधीपासूनच फसत होता आणि त्याच्या इशाऱ्याच्या मेल पोहोचतच नव्हत्या. सुमारे सहा तासांचा डेटा गेला. म्हणून आमचा सर्व्हर ‘झालं’ असा संदेश बाहेरच्या हेल्थचेक्स सेवेला पाठवतो, आणि तो आला नाही की ती सेवा आम्हाला कळवते.

दुसरी प्रत बडोद्याला एका सभासदांकडच्या मशीनवर जाते. तिथे रेस्ट-सर्व्हर हा रेस्टिकच्या प्रती स्वीकारणारा प्रोग्राम ‘अपेंड-ओन्ली’, म्हणजे फक्त भर घालू देणारा, ठेवला आहे: इंदूरच्या सर्व्हरवर कोणी घुसलं तरी तिकडच्या प्रती पुसू शकत नाही. किंमत अशी की सफाई बडोद्याहूनच करावी लागते. सात रोजच्या, पाच आठवड्यांच्या, बारा महिन्यांच्या प्रती ठेवतो. ‘फरगेट’ने फक्त नोंद जाते, जागा मोकळी होते ती ‘प्रून’ने, आणि प्रून संथ आहे. ही माझी मोठी तक्रार.

उपयोग झाला तो उन्हाळ्यात. एका आयातीत कॅटलॉगमधल्या शेकडो पुस्तकांच्या लेखकांची नावं कोरी झाली. आदल्या रात्रीचा डंप काढून त्यातलं लेखकांचं एकच टेबल पीजी-रिस्टोअरने वेगळ्या डेटाबेसमध्ये उतरवलं, नावं जुळवून भरली, आणि संध्याकाळी देवघेव नेहमीच्या वेळी सुरू झाली. हे जमलं कारण डंप पीजी-डंपच्या कस्टम फॉरमॅटमध्ये (ज्यातून एकेक टेबल काढता येतं), पण न दाबलेला होता. स्कॅन तर ‘माउंट’ करून साध्या फोल्डरसारखे तारखेनिहाय बघता येतात. ग्रंथपाल काकूंनीच एक अंक असा शोधून काढला.

खिडक्या-बटणं हवी असतील तर रेस्टिक घेऊ नका. पासवर्डही जपा: तो हरवला तर एन्क्रिप्ट केलेलं काहीच उघडत नाही, अगदी कोणाकडूनच नाही. आमचा पासवर्ड कागदावर लिहून सीलबंद पाकिटात कार्यवाहांच्या कपाटात आहे, आणि दुसरं पाकीट बडोद्याला.