स्टीलचं पिंप की प्लास्टिकची बादली? सोलापूरच्या उन्हाळ्यात जिंजर बिअर आणि कांबुचासाठी भांड्यांचं परीक्षण

ऑनलाइन ‘होमब्रूइंग फर्मेंटर’, म्हणजे घरी पेय आंबवायचं भांडं, शोधलं की दोन प्रकार समोर येतात. एक जाड पांढऱ्या प्लास्टिकची, घट्ट झाकणाची बादली आणि दुसरं चकचकीत स्टीलचं, तोटी बसवलेलं भांडं. दोन्ही मुळात बिअरसाठी घडवलेली. महाराष्ट्रात परवान्याशिवाय घरी बिअर करणं १९४९ च्या दारूबंदी कायद्याखाली गुन्हा आहे, त्यामुळे इथे ही भांडी जिंजर बिअर (आल्याचं आंबवलेलं, फसफसणारं पेय) आणि कांबुचा (गोड चहा आंबवून केलेलं आंबट पेय) या दोनच कामांसाठी तपासली आहेत. आणि तिसरा गडी म्हणून पेठेतल्या भांड्यांच्या दुकानात मिळणारं आपलं नेहमीचं स्टीलचं पिंप.

स्टीलच्या बाजूने परदेशी परीक्षणांत पहिला मुद्दा असतो ऑक्सिजनचा. एचडीपीई प्लास्टिकमधून हवा अगदी हळूहळू आत झिरपते. बिअर तीन-चार आठवडे त्यात राहिली तर चव उतरते, ओल्या पुठ्ठ्यासारखी लागते. आपल्या कामात हा मुद्दा बाद. जिंजर बिअर भांड्यात राहते जेमतेम दीड दिवस आणि कांबुचाला तर हवा लागतेच, त्याच्या तोंडावर झाकण नाही, कापड बांधायचं असतं. एवढ्या एका कारणासाठी कोणी महागडं स्टील घ्यायला सांगत असेल तर ऐकू नका.

खरा फरक पडतो तो घासण्यात, उष्णतेत आणि तोटीत.

प्लास्टिकपासून सुरुवात करू. बादली घेताना तळाशी त्रिकोणातला आकडा बघा. २ म्हणजे एचडीपीई, ५ म्हणजे पॉलिप्रॉपिलीन, दोन्ही चालतात. १ म्हणजे पेट, त्याची पारदर्शक बरणी दिसायला छान, आतला फेस आणि गाळ दिसतो, पण साधारण ७० अंशांना पेट मऊ पडतं. उकळतं पाणी ओतलं की बूड फुगतं आणि बरणी कायमची डुगडुगते. पेट धुताना पाणी ५० अंशांपर्यंतच. अन्नासाठीच्या पॉलिथिनचं भारतीय मानक आयएस १०१४६ आहे; त्याचा किंवा पेला-काट्याच्या चिन्हाचा उल्लेख नसेल तर ती बादली कपडे भिजवायला ठेवा.

सोलापुरात एक जास्तीची खबरदारी हवी. रंगाच्या २० लिटरच्या रिकाम्या बादल्या आणि कारखान्यांतून निघालेले निळे ड्रम इथे पाणी साठवायला सर्रास वापरले जातात. ड्रमचं प्लास्टिक एचडीपीईच असतं, म्हणून ‘चालतंय की’ असं सांगणारे भेटतात. पण आत आधी जे रसायन होतं ते प्लास्टिकमध्ये मुरलेलं असतं आणि पीएच ३ च्या आसपासचं आंबट पेय ते हळूहळू बाहेर ओढतं. वापरून झालेला ड्रम कितीही धुतला तरी नाही म्हणजे नाही.

नव्या बादलीचा शत्रू म्हणजे तारेची घासणी. एकदा ती फिरली की आत बारीक चरे पडतात, चऱ्यांत यीस्ट आणि जंतू बसतात, आणि तिथपर्यंत ना साबण पोचतो ना निर्जंतुकीकरणाचं पाणी. पुढच्या खेपेला जिंजर बिअरवर पांढरा पातळ पापुद्रा येतो किंवा ती पाकासारखी तार सुटण्याइतकी चिकट होते. लोक आल्याला दोष देतात. बादली घासायचीच नसते. ५०-५५ अंशांच्या पाण्यात लिटरला ५ ग्रॅम सोडियम परकार्बोनेट (ऑक्सिजन सोडणारी धुण्याची पावडर) घालून अर्धा तास भरून ठेवायची, मग मऊ फडक्याने पुसायची आणि दोनदा विसळायची. आल्याचा वास मात्र प्लास्टिक सोडत नाही. जिंजर बिअरची बादली ही जिंजर बिअरचीच. त्यात नंतर साध्या चहाचा कांबुचा लावला तर तोही आल्याचा होणार. नखाला चरा जाणवायला लागला की बादली बदला. एका तयार स्टील फर्मेंटरच्या पैशांत तशा चार-पाच बादल्या सहज येतात, त्यामुळे जीव अडकवायचं कारण नाही.

स्टीलला घासण्याची भीती कमी आणि उकळत्या पाण्याची तर अजिबात नाही. उकळतं पाणी ओतून दहा मिनिटं झाकून ठेवलं की काम झालं. पण ‘स्टील’ या एका शब्दाखाली दुकानात बरंच काही विकलं जातं. आपल्याला हवं ३०४ या ग्रेडचं, म्हणजे साधारण १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल. स्वस्त पिंपं बहुतेक वेळा २०० मालिकेतल्या पत्र्याची असतात. त्यात निकेल कमी, त्याची भरपाई मँगनीजने केलेली. दुकानदार लोहचुंबक लावून दाखवतो, ‘बघा, चिकटत नाही, अस्सल माल.’ या परीक्षेला अर्थ नाही, कारण या मालिकेतल्या २०२ ला देखील चुंबक चिकटत नाही. खरी परीक्षा थेंबाची. मोडवाल्यांकडे केमिकलची छोटी बाटली आणि ९ व्होल्टची बॅटरी असते; बुडाखाली थेंब टाकून बॅटरी टेकवली की २०० मालिकेत थेंब लालसर होतो, ३०४ वर होत नाही. दुकानदार थेंब टाकू देत नसेल तर उत्तर मिळालंच.

‘कांबुचा धातूत लावू नये’ हे सगळीकडे लिहिलेलं असतं. ते जर्मनच्या (ॲल्युमिनियमच्या) पातेल्याला, तांब्या-पितळेला आणि हलक्या स्टीलला लागू आहे. चांगल्या ३०४ ला कांबुचाच्या आम्लाचं काही वाटत नाही. व्यावसायिक उत्पादन स्टीलच्याच टाक्यांत होतं. ३०४ ला मारतं ते क्लोराइड. म्हणून या भांड्यात मिठाच्या पाण्यातलं लोणचं किंवा कांजी मुरवायची नाही आणि पाण्याच्या टाकीसारखी टीसीएल (ब्लीचिंग) पावडर टाकून ते ‘साफ’ करायचं नाही. टाचणीच्या टोकाएवढे खड्डे पडतात आणि ते भरून येत नाहीत.

आता पिंपाची तोटी. भांडं ३०४ चं निघालं तरी तोटी पितळेची, वर क्रोमचा मुलामा. तोटी उघडून आत बोट फिरवलं तर कळतं की मुलामा बाहेरून आहे, आतून उघडं पितळ. पाण्याला चालतं; पण कांबुचा तिथे आठवडाभर टेकून राहिला की पहिल्या पेल्याला तांब्याच्या पैशासारखी चव येते आणि आत हिरवट डाग धरतो. तोटी बदलणं सोपं आहे. बहुतेक पिंपांना अर्धा इंची तोटी असते. ३०४ ची किंवा फूड-ग्रेड प्लास्टिकची अर्धा इंची तोटी आणि दोन सिलिकॉनचे वायसर घ्या, काळ्या रबराचे नकोत. एक आतून, एक बाहेरून. नवं भोक पाडायचं असेल तर २२ मिमीचं, आणि त्याची खालची कड बुडापासून अडीच-तीन सेंटिमीटर वर, म्हणजे गाळ खाली राहील. वेल्डिंगच करून घ्यायचं असेल तर अक्कलकोट रोड एमआयडीसीसारख्या ठिकाणी आरगॉन वेल्डिंग करणारा गाठा आणि आतला सांधा घासून गुळगुळीत करून मागा. खडबडीत सांधा हा चऱ्या पडलेल्या प्लास्टिकपेक्षा वाईट. बसवल्यावर पाणी भरून रात्रभर वर्तमानपत्रावर ठेवा; सकाळी कागद कोरडा हवा.

तोटी दर खेपेला पूर्ण सुटी करून धुवायची, स्टीलची असो वा प्लास्टिकची. खराब झालेल्या पेयाचा उगम शोधायला गेलं की बहुतेक वेळा तो तोटीच्या आत, फिरणाऱ्या भागामागे साचलेल्या चिकट थरात सापडतो.

नवं स्टील भांडं तसंच वापरू नका. कापसाच्या बोळ्याला गोडं तेल लावून आतून फिरवा. बोळा काळा होतो, ते पॉलिशचं मेण. बोळा पांढरा निघेपर्यंत पुसा, मग गरम साबणाच्या पाण्याने धुवा. नंतर लिटरला ५० ग्रॅम लिंबूसत्व घातलेलं गरम पाणी अर्धा तास भरून ठेवा. याने पृष्ठभागावरचं मोकळं लोखंड निघतं आणि क्रोमियमचा संरक्षक थर नीट धरतो. बोअरच्या जड पाण्याने बसलेला पांढरा थरही याच पाण्याने जातो.

उन्हाळ्यात सोलापुरात स्टील खरं पुढे जातं. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशी ओलांडतो आणि स्लॅबखालची खोली रात्रीही तापलेली असते. कांबुचाला २४ ते २९ अंश मानवतात. ३५ च्या पुढे तो चार दिवसांत नुसता व्हिनेगर होतो, स्कोबी, म्हणजे वर धरणारी यीस्ट-जंतूंची जाड साय, पातळ आणि तुकड्यांची येते. भांडं खालच्या मजल्यावर पाण्याच्या परातीत ठेवा, त्याला ओला सोलापुरी टॉवेल गुंडाळा, टॉवेलचं टोक परातीत बुडू द्या आणि पंखा लावा. हवा कोरडी असल्याने पाणी झपाट्याने उडतं. पातळ पत्र्यातून तो गारवा लगेच आत जातो. दोन-तीन मिमी जाड प्लास्टिक त्याला अडवतं. पावसाळ्यात हवा दमट झाली की ही युक्ती फारशी चालत नाही, पण तेव्हा तिची गरजही नसते. कापडाची वरची बाजू कोरडी ठेवा, नाहीतर कांबुचाला बुरशी धरते.

मापाबद्दल थोडक्यात. १० लिटर पेयाला १२-१३ लिटरचं भांडं, फेसाला जागा हवी. कांबुचाला १० लिटरमागे ७० ग्रॅम चहा, ७०० ग्रॅम साखर आणि आधीचा सव्वा लिटर आंबट कांबुचा. जिंजर बिअरला ४०० ग्रॅम आलं, ८०० ग्रॅम साखर, आठ लिंबं आणि आल्याचं अर्धा लिटर गाळलेलं विरजण (आलं, साखर आणि पाणी आंबवून केलेलं). २४ ते ३६ तासांत ती सोड्याच्या पेट बाटल्यांत भरा. बाटली दाबून दगडासारखी लागली की लगेच फ्रिजमध्ये. काचेची बाटली उन्हाळ्यात फुटते. जिंजर बिअर जास्त दिवस बाहेर ठेवली तर अल्कोहोल वाढतं, तेव्हा हात आखडता घ्या.

एअरलॉकमधून (वायू बाहेर सोडणाऱ्या, पण हवा आत न घेणाऱ्या झाकणावरच्या नळीतून) बुडबुडे येत नाहीत, ही तक्रार पिंपवाल्यांची हमखास. पिंपाचं झाकण नुसतं टेकलेलं असतं, वायू कडेने निघून जातो. बादलीचं झाकणही अनेकदा गळतं. बुडबुडे मोजू नका, चव घ्या.

महिन्यातून एखाद्या वेळी जिंजर बिअर करणाऱ्याने एचडीपीईची बादली घ्यावी, स्टीलवर पैसे घालू नयेत. कांबुचा वर्षभर लावून रोज थोडा काढणाऱ्याने ३०४ चं पिंप घ्यावं आणि तोटी त्याच दिवशी बदलावी. उद्या कंटाळा आला तरी स्टीलला मोडीत भाव मिळतो. तयार स्टील फर्मेंटर उत्तम, पण त्याचा शंकूसारखा बूड आणि दाबाची झाकणं बिअरसाठी आहेत, कांबुचाला त्यांचा काडीचा उपयोग नाही. आणि तो मागवताना जास्तीचे वायसर त्याच पार्सलमध्ये मागवा. त्यांच्या मापाचे वायसर इथे नळाच्या दुकानात जुळत नाहीत.